दोन नावं लागतात

विकणारा पुढे जातो. मी मागून येतो,
शिडी, ड्रिल आणि दुहेरी चिकटपट्टीची गुंडाळी घेऊन.

विकणाऱ्याचं नाव कोल्बी. वय बावीस.
यूटाहून आलीत ती सगळी पोरं, उन्हाळ्यापुरती;
मोटेलच्या एकेका खोलीत चौघं झोपतात,
सकाळी आरशासमोर दार ठोठावायचा सराव करतात:
दोन पावलं मागे सरायचं, अंग जरा तिरकं ठेवायचं,
पायपुसण्यावर बूट पुसत राहायचे,
म्हणजे घरातलं माणूस आपोआप "आत ये" म्हणतं.
"चोर" हा शब्द स्वतः उच्चारायचा नाही.
म्हणायचं, पलीकडच्या गल्लीत झालं ते ऐकलंच असेल.
ऐकलेलं नसतं कुणीच.
पण ऐकलं नाही हे कबूल करायला
माणूस फार धीट लागतो.

यंत्र फुकट. हिरवळीत रोवायची निळी पाटी फुकट.
भीती तेवढी हप्त्याने:
महिना पन्नास डॉलर, साठ महिने.

मिसेस स्टॉट्सनी सही करून ठेवली होती.
लबक, टेक्सास. दुपारी वारा सुटलेला,
कपाशीच्या रानातली लाल धूळ
खिडकीच्या फटीत बोटभर.
"साठ महिने," त्या म्हणाल्या, "म्हणजे मी शहाऐंशीची होईन.
माझ्या डॉक्टरपेक्षा तो पोरगाच जास्त आशावादी."

मी दारावर चुंबक लावलं, चौकटीवर त्याचा जोडीदार.
एवढंच?
एवढंच. सगळा धंदा एवढ्यावर उभा आहे:
दोघं जवळ असले की गप्प,
बोटभर अंतर पडलं की बोंब.
"आमचं उलटं होतं," त्या म्हणाल्या
आणि भिंतीवरच्या टोपीवाल्या फोटोकडे बघून हसल्या.

मग तार कुठाय?
तार नाही बाई, हवेतून जातं.
त्या खिडकीबाहेरच्या तांबूस अंधाराकडे
बराच वेळ बघत राहिल्या.
"ह्यातून?"

शेवटचा कागद उरला. भोंगा वाजला
की मिनेसोटातली कुणी मुलगी आधी घरी फोन करते,
उचलला नाही तर यादीतल्या माणसांना.
दोन नावं लागतात. दोन्ही भरल्याशिवाय
पडदा पुढे सरकतच नाही.

पहिलं त्यांनी चटकन दिलं: ओनिटा,
केस कापणारी. मंगळवारी मात्र नसते.
दुसऱ्यासाठी त्या स्वयंपाकघरात गेल्या,
फोनची जुनी वही आणली, परत जाऊन चष्मा आणला.
पानं उलटली. काही पानांवर थांबल्या,
तिथे आधीच पेन्सिलीची रेघ होती.
एका नावावर आता ओढली.
बाहेर नवीन पाटी वाऱ्याने खडखडत होती.

"त्या पोराचं लिही," वही मिटून म्हणाल्या.
"कोल्बीचं. काहीही लागलं, कधीही, मला फोन करा,
असं म्हणाला होता. कार्डावर नंबर आहे."

कार्ड फ्रिजवर होतं, टोमॅटोच्या आकाराच्या चुंबकाखाली.
तो नंबर मला पाठ आहे. कंपनीचा आहे,
पोरं कॉलेजात परतली की सप्टेंबरात बंद होतो.
"नियमात बसतं ना?"
बसतं, म्हटलं.
पडद्याला फक्त दहा आकडे हवे असतात.

भरले. पडदा सरकला.
भिंतीवरून एक बाई म्हणाली, घर सुरक्षित आहे.
मिसेस स्टॉट्स तिला "थँक यू" म्हणाल्या.

पुढचा पत्ता तीन घरं सोडून.
माणूस दारातच उभा होता, हातात कार्ड घेऊन,
आवाज खाली आणून विचारू लागला,
"तो पोरगा म्हणाला, स्टॉट्सबाईंकडे झालं ते ऐकलंच असेल.
नेमकं काय झालं हो त्यांच्याकडे?"

मी शिडी भिंतीला टेकवली.
म्हटलं, आधी पुढचं दार करू की मागचं?